गाडी कुणाच्या नावावर

"भाड्याचीच घेऊ. त्यात विचार काय करायचाय?" असं म्हणून विद्याधर भावजींनी माझ्यासमोरचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"मी विचार केलाय," मी म्हटलं. "लीजवर घेऊ."

चैत्रातला रविवार होता. कराडच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो होतो. विद्याधर भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते आणि माझी जाऊ रोहिणी सकाळीच पुण्याहून आले होते. डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, थालीपिठाच्या भोकातलं लोणी बोटाने सारखं करत होते. सप्टेंबरात चौघांनी युरोपला जायचं ठरलं होतं. फ्रान्समधल्या लिऑनला उतरायचं, गाडीने स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, उत्तर इटली करून परत लिऑनला यायचं. सव्वीस दिवस. सहलीच्या कंपनीबरोबर जायचं नाही, यावर चौघांचं एकमत होतं. पुढे गाडीपाशी सगळं अडलं. याला आता आठ वर्षं झाली, तरी त्या सकाळचा शब्द न् शब्द मला आठवतो, कारण मी आयुष्यात इतकी हट्टाला पेटले होते ती तेव्हाच.

"लीज म्हणजे कंपन्यांचं काम असतं, वहिनी. तीन तीन वर्षांचं."

"तिथे तसं नाही. बाहेरून आलेल्या प्रवाशांना थोड्या दिवसांसाठी देतात. किमान एकवीस दिवस घ्यावी लागते, आपले सव्वीस आहेत. गाडी कोरी, कारखान्यातून आलेली. पूर्ण विमा त्यातच. किलोमीटरचं बंधन नाही."

"आणि मध्येच कंटाळा आला तर? भाड्याची गाडी व्हेनिसला सोडून रेल्वेने येता येतं."

"दुसऱ्या देशात गाडी सोडली की त्याचे निराळे पैसे लावतात. शिवाय अनामत म्हणून कार्डावरची मोठी रक्कम अडकवून ठेवतात आणि ओरखडा दिसला की त्यातून कापून घेतात."

"ओरखडा पडेल कशाला?" भावजी म्हणाले. "चालवणार मी."

आता मुद्दा बाहेर आला. मी हातातला घास ताटात ठेवला.

"तुम्ही चालवणार हे कधी ठरलं?"

"मग कोण? वहिनी, तुम्ही जन्मभर दादाची गाडी हाकलीत, आता मागे बसून डोंगर बघा. मी जर्मनीला अकरा वेळा जाऊन आलोय."

"अकराही वेळा कंपनीचा ड्रायव्हर होता," रोहिणी ताकाचं भांडं पुढे सरकवत म्हणाली.

भावजींनी ते ऐकलंच नाही. "तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. चेष्टा आहे का?"

"आम्ही कराड-पाटण रस्त्यावर ज्या बाजूला खड्डा नसेल त्या बाजूने चालवलीय," मी म्हटलं. "मला दोन्ही बाजूंची सवय आहे."

डॉक्टर गालातल्या गालात हसले. त्यांना हसायला काय जातंय? एकदाच, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, त्यांनी जीप चालवायला घेतली होती आणि ती सरळ सुताराच्या उसात नेऊन उभी केली होती. सुताराने नंतर ऊस तोडला तेव्हा तेवढा पट्टा सोडून तोडला. तेव्हापासून जो हात काढून घेतला तो कायमचा. रुग्ण बघायला मसूरला जायचं असो की उंब्रजला, स्टेअरिंगवर मी. जीप गेली, फियाट आली, फियाट गेली, मारुती आली. सगळ्या गाड्या डॉक्टरांच्या नावावर, कारण दवाखाना त्यांचा. गावात गाडी दिसली की लोक म्हणत, डॉक्टरांची गाडी आली. चालवणारी बाई कोण, ते गाडीच्या चाकाइतकंच गृहीत धरलेलं.

"आणखी एक," भावजींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय. ज्याच्या नावावर लीज, तो आणि त्याची बायको एवढेच गाडी चालवू शकतात. म्हणजे चौघांत दोघं बाद."

"किंवा जिच्या नावावर लीज, ती आणि तिचा नवरा," मी म्हटलं.

"दादा चालवणार?"

यावर डॉक्टरांसकट सगळे हसले. हसू ओसरल्यावर भावजींनी खांदे उडवले. बाईचा हट्ट आहे, फॉर्मपाशी जिरेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"बरं, भरू तुमचा लीजचा फॉर्म. गाडीचे कागद ज्याच्या नावावर होणार त्याचं नाव पासपोर्टप्रमाणे." त्यांनी माझा पासपोर्ट उघडून टाइप केलं. "मृदुला दिगंबर सबनीस. आता लायसन्स द्या."

मी लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. आज ना उद्या हे होणारच होतं. भावजींनी ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला, परत डोळ्यांवर घेतला.

"हे कुणाचं लायसन्स आहे?"

"माझं."

"यावर द्वारका केशव तारळेकर लिहिलंय."

"मग तेच."

फोटो माझाच होता, पाच वर्षांपूर्वीचा. भावजी डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टर थालीपिठाकडे.

लग्नात वराने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. आमच्याही लग्नात ते झालं. द्वारका हे माझ्या आजीचं नाव, ते सासूबाईंना जुनाट वाटलं. त्यांनी मृदुला निवडलं आणि डॉक्टरांनी ते लिहिलं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. ताटावरचा रुमाल दूर केला तेव्हा मी इतरांबरोबरच ते नाव वाचलं. मिरजेच्या तारळेकर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाची मुलगी सकाळी मांडवात शिरली आणि दुपारी जेवायला बसली ती दुसरीच कुणीतरी. त्यात वेगळं काही नव्हतं. तेव्हा घरोघरी तेच चालायचं.

"म्हणजे बघ दादा," भावजींचा आवाज चढला, "अडतीस वर्षं या तिऱ्हाईत बाईच्या लायसन्सवर गाडी चालवतायत. पोलिसांनी कधी पकडलं नाही?"

"थांबवायचे ना. मग शेजारच्या सीटवर डॉक्टर दिसले की सलाम करून सोडायचे."

"आणि लायसन्सची मुदत वाढवताना?"

"दर वेळी कारकून म्हणायचा, बाई, नाव बदलून घ्या. दर वेळी मी म्हणायचे, राहू दे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांना हे ठाऊक नव्हतं. अडतीस वर्षं ते माझ्या शेजारी बसले, पण माझं लायसन्स त्यांनी कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

"असो," भावजी म्हणाले. "हातच्या काकणाला आरसा कशाला? वहिनींच्या नावावर लीज होणार नाही. पासपोर्टवर एक बाई, लायसन्सवर दुसरी. आता दोनच रस्ते. लायसन्सवरचं नाव बदला, आठ-पंधरा दिवसांचं काम आहे. किंवा माझ्या नावावर भाड्याची गाडी घ्या आणि विषय संपवा."

"तिसरा आहे," मी म्हटलं. "पासपोर्ट बदलीन."

रोहिणीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"साठीला आलात, वहिनी. राजपत्रात नाव छापावं लागेल. वर्तमानपत्रात जाहिरात. प्रतिज्ञापत्र. कशासाठी? एका भाड्याच्या गाडीसाठी?"

"भाड्याच्या नाही. लीजच्या."

"फरक काय आहे?"

"भाड्याच्या गाडीचे कागद कंपनीच्या नावावर असतात," मी म्हटलं. "लीजच्या गाडीचे माझ्या नावावर होतील. सव्वीस दिवस. आजवर माझ्या नावावर सायकलसुद्धा झालेली नाही, भावजी. आणि ज्या नावाने मी गाडी शिकले त्याच नावावर होणार असेल तर घ्यायची. परीक्षा मृदुलाने दिलेली नाही. मिरजेच्या मैदानात उलटी गाडी घेऊन आठाचा आकडा मी काढला. मुलगी आहे म्हणून त्या इन्स्पेक्टरने दोनदा काढायला लावला. दोन्ही वेळा काढला."

"अहो, पण नाव म्हणजे काय शेवटी? हाक मारायची सोय."

तेव्हा रोहिणी बोलली. ती नवऱ्यासमोर एखादंच वाक्य बोलते आणि तेही ताटाकडे बघून. तशीच बोलली. "मी पुतळा होते."

"काय?"

"पुतळा. माझं माहेरचं नाव. तुम्ही विसरलात ते."

"आता हे मध्येच काय काढलंस?" भावजी म्हणाले, पण लॅपटॉप मात्र त्यांनी मिटला.

ती दोघं दुपारी पुण्याला गेली. डॉक्टर पडवीत आरामखुर्चीत बसले होते. मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला नाही.

"मृदुला हे नाव वाईट होतं का?" त्यांनी विचारलं.

"वाईट नव्हतं. माझं नव्हतं."

"मी अडतीस वर्षं हाक मारतोय."

"आणि मी ओ देतेय. कधी चुकवली का?"

"एकदा तरी सांगायचंस."

"कुणाला? नाव लिहिलं तुम्हीच."

हे बोलायला नको होतं, असं तेव्हाही वाटलं. डॉक्टर तसे साधे माणूस. चोवीस वर्षांच्या मुलाला आईने सांगितलं आणि त्याने लिहिलं. पण शब्द परत घ्यावा असं काही मला वाटलं नाही. खरं होतं ते. त्यांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि दवाखान्यात गेले.

त्यानंतर मी कामाला लागले. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्राचा अर्ज केला, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. मी, मृदुला दिगंबर सबनीस, राहणार कराड, यापुढे द्वारका केशव तारळेकर या नावाने ओळखली जाईन. जाहिरात आली तो दिवस मी विसरणार नाही. सकाळी साडेआठला शेजारच्या पावसकर वहिनी वाटीभर आमरस घेऊन दारात हजर. डोळ्यांत पाणी.

"काही लागलं तर हक्काने सांगा हो," त्या म्हणाल्या. "माझा भाचा वकील आहे. पोटगीचंच काम बघतो."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा हसावं की रडावं समजेना. माहेरचं नाव परत घेतलं म्हणजे बाईने नवरा सोडला, दुसरं काय? दुपारपर्यंत अर्ध्या कराडात आमचा घटस्फोट झाला होता. भाजीवाली मला जास्तीची कोथिंबीर घालायला लागली. मंडळातल्या बायका मी आले की बोलणं थांबवत आणि मग एकदम हवापाण्यावर येत. दवाखान्यात तर एका म्हाताऱ्या रुग्णाने डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "डॉक्टर, बाई गेल्या म्हणं?" डॉक्टर म्हणाले, "आ करा. जीभ बघू." हे मला कंपाउंडरने सांगितलं. डॉक्टर घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत.

भावजींचा फोन आला. मला नाही, डॉक्टरांना. मी स्वयंपाकघरात होते, पण भावजी फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज नसते. सबनिसांच्या घराण्याची अब्रू, लोक काय म्हणतात, तू तिला आवर, वगैरे सगळं आलं. डॉक्टर नुसते "हं, हं" करत राहिले. मी वाट बघत होते, आता तरी काहीतरी बोलतील. माझ्या बाजूने नाही तर नाही, विरुद्ध तरी. ते शेवटी म्हणाले, "रोहिणी कशी आहे?" आणि फोन ठेवला.

आणि एक गोष्ट झाली, जिच्याविषयी मी कुणाशी बोलले नाही. त्या रविवारपासून डॉक्टरांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. मृदुला म्हणत नव्हते. द्वारका तर नाहीच. "अगं", "ऐकलंस का", "चहा झाला का". घरातल्या मांजरालाही नाव असतं, पण माझ्या घरात मी बिननावाची झाले. एप्रिल गेला, मे गेला, नव्या नावाचा पासपोर्ट आला. मी तो टेबलावर ठेवला. त्यांनी उघडून पाहिला, मिटला आणि वर पेपरवेट ठेवला, उडून जाऊ नये म्हणून. जुलैत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आला, व्हिसा आला, लीजचा फॉर्म मी एकटीने भरला. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण माघार घ्यावीशी एकदाही वाटली नाही. मनात म्हटलं, नका बोलू. मी माझ्या गाडीतून जाईन, तुम्ही शेजारी बसा नाहीतर डिकीत बसा.

सप्टेंबरात आम्ही लिऑनला उतरलो. विमानतळापासून जवळच एक मोठं मोकळं आवार होतं, तारेचं कुंपण घातलेलं, आत ओळीने कोऱ्या गाड्या. सकाळचे दहा वाजले होते, स्वच्छ ऊन होतं. भावजी वाटेतच म्हणाले होते, "बघू, कागद मान्य करतात का." त्यांना शेवटपर्यंत आशा होती.

कचेरीतून चाळिशीचा एक माणूस बाहेर आला. हातात फाइल, बोटात किल्ली अडकवलेली. त्याने आम्हा चौघांवरून नजर फिरवली. दोन पुरुष, दोन बायका. त्याने फाइलीतलं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि पांढऱ्या केसांच्या, सगळ्यांत वयस्कर पुरुषाकडे, म्हणजे डॉक्टरांकडे, हसत हसत हात पुढे करून गेला.

"मस्यू तारळेकर?"

मस्यू म्हणजे श्रीयुत, आणि नावातला 'र' त्याने इतका घशातून काढला की माझ्या वडिलांना ओळखू आला नसता. पण नाव तेच होतं. मला वाटलं, संपलं. आता इथे, परक्या माणसासमोर, डॉक्टर जे पाच महिने बोलले नाहीत ते बोलतील. आणि ते बोलले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. पण किल्लीही सोडली नसती.

"नो, नो," भावजी तत्परतेने पुढे झाले. "ही इज डॉक्टर सबनीस. सबनीस. देअर इज अ कन्फ्यूजन..."

डॉक्टरांनी भावजींच्या दंडावर हात ठेवून त्यांना हलकेच बाजूला केलं. मग त्या माणसाचा पुढे आलेला हात हातात घेतला.

"येस," ते म्हणाले. "तारळेकर."

त्या माणसाने त्यांच्यासमोर किल्ली धरली. डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. आपल्या कराडच्या इंग्रजीत म्हणाले, "गाडी तिची आहे. मला चालवता येत नाही."

माणूस ओशाळला. त्याने माझी माफी मागितली, मला सह्या करायला लावल्या. मी पाच ठिकाणी द्वारका तारळेकर अशी सही केली. लग्नानंतर ही सही मी लायसन्सपुरतीच करत होते, दर काही वर्षांनी एकदा. पाचव्या सहीपर्यंत हात सरावला होता. गाडी करड्या रंगाची होती, काट्यावर सात किलोमीटर. मी चालकाच्या जागेवर बसले, डॉक्टर शेजारी, भावजी आणि रोहिणी मागे. डॉक्टरांनी नकाशा मांडीवर पसरला.

भावजींना राहवेना. मागून पुढे वाकून ते म्हणाले, "दादा, अरे तू त्याला नीट सांगितलं का नाहीस? आता पुढे हॉटेलात, सीमेवर, जिथे जिथे हे कागद दाखवू तिथे तुला तारळेकर म्हणतील. सव्वीस दिवस!"

डॉक्टर नकाशाची घडी सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "सव्वीस दिवस ऐकायला काय होतंय मला? तिने अडतीस वर्षं ऐकलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "द्वारका, पहिलं वळण डावीकडे."

मला समोरचं फाटक नीट दिसेना. मी पदराने डोळे पुसले, आरसा माझ्या उंचीला लावून घेतला आणि गाडी बाहेर काढली.